आधी निष्कर्ष सांग, मग हकीकत

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची करमाळ्याची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित-विज्ञान सेमीत. सध्या पुण्यात इंजिनिअरिंगच्या ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते. कॅम्पसमधून हिंजवडीच्या एका कंपनीत एम्बेडेडसाठी (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कंट्रोलरचं काम) निवड झाली आहे, जुलैमध्ये जॉइनिंग. आनंद व्हायला हवा, पण झोप उडाली आहे.

जानेवारीत भोसरीला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत इंटर्नशिप केली. तिथे टाकीची लेव्हल दाखवणारं रीडिंग मध्येच उड्या मारायचं. दोन दिवस त्याच्या मागे लागून मी कारण शोधलं. कस्टमरबरोबर कॉल होता, सरांनी मलाच बोलायला सांगितलं. ‘सर, ॲक्च्युअली, फर्स्ट आय चेक्ड द सप्लाय, देन...’ असं सुरू केलं आणि पुढे शब्दच सुचेनात. माझ्याबरोबरचा इंटर्न इथलाच, इंग्लिश मीडियमचा. त्याने दोन वाक्यांत सांगून टाकलं. सगळे त्याला ‘गुड कॅच’ म्हणाले. मी घरी येऊन रडले.

सदाशिव पेठेत एक स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, तीन महिन्यांचे १८ हजार. घरी मागायचं जिवावर येतं. भरू का? ॲक्सेंट कसा सुधारू? मामा म्हणतो, इंग्रजी राहू दे, जर्मन शीक, पुण्यात जर्मन कंपन्या ढीगभर आहेत. आणि पहिल्याच आठवड्यात मला काढून टाकलं तर?

– नाव छापू नये

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? रीडिंग उड्या मारायचं हे तू लिहिलंस, दोन दिवस मागे लागलीस ते लिहिलंस, कोण काय म्हणालं तेही लिहिलंस. कारण काय सापडलं, ते मात्र कुठेच नाही! पत्र मराठीत होतं, समोर कस्टमर नव्हता, घाई नव्हती. तरी मुद्द्याची गोष्ट राहूनच गेली.

म्हणून मी तुला मेल करून विचारलं. उत्तर आलं ते दीड पानाचं. आधी पॉवर सप्लाय तपासला, मग सेन्सर बदलून पाहिला, मग पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचं) इनपुट कार्ड बदललं, मग स्टोअरमधून दुसरी केबल मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत सापडलं: केबलचं शील्ड (आतल्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) दोन्ही टोकांना अर्थ केलेलं, म्हणजे जमिनीला जोडलेलं होतं. शाब्बास! हे मी मनापासून म्हणतेय. ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलची केबल, तिचं शील्ड पॅनलकडेही अर्थला आणि टाकीकडेही. दोन्हीकडच्या अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी शील्डमधून करंट फिरायला लागतो, आणि पलीकडे मोटारचा ड्राइव्ह (तिचा वेग सांभाळणारं उपकरण) सुरू झाला की रीडिंग नाचतं. अनुभवी माणसंही इथे सेन्सरलाच दोष देऊन मोकळी होतात. तुला ते सापडलं. पण ऐकणाऱ्याला ते दीड पान वाचल्यावर कळलं.

तर माझं निदान असं: तुझी इंग्रजीची अडचण आहे, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिली अडचण मराठीतही तीच आहे. ती सुटली की दुसरी निम्म्यावर येते.

यात तुझा एकटीचा दोष नाही, आपल्या जर्नलचा आहे. चार वर्षं तू प्रॅक्टिकलचे राइट-अप कसे लिहिलेस ते आठव. एम, ॲपरेटस, थिअरी, प्रोसीजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, आणि सगळ्यात शेवटी कन्क्लुजन, तेही बरेचदा पुढच्या बाकावरून उतरवलेलं. पेपरातही तेच. आठ मार्कांच्या प्रश्नाला दोन पानं भरली पाहिजेत म्हणून आपण व्याख्येपासून सुरू करतो. शिकण्यासाठी ही पद्धत ठीक असेल. पण कॉलवर बसलेल्या माणसाला तुझी प्रोसीजर नको असते. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: काय झालंय, कशामुळे, आणि आता माझ्याकडून काय पाहिजे. हकीकत तो विचारेल तेव्हा सांगायची. बरेचदा तो विचारतही नाही. त्या वेळी वाईट वाटून घ्यायचं नाही.

तुझ्या त्या कॉलवर हे एवढं पुरलं असतं: ‘द लेव्हल रीडिंग जम्प्स व्हेन द ड्राइव्ह स्टार्ट्स. द केबल शील्ड इज अर्थ्ड ॲट बोथ एंड्स. आय डिस्कनेक्टेड वन एंड, अँड नाऊ द रीडिंग इज स्टेडी. कॅन वुई चेंज द ड्रॉइंग?’

हे मोठ्याने म्हणून बघ. तुला माहीत नाही असा एक तरी शब्द यात आहे का? व्याकरण पाचवी-सहावीचं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तुझी अख्खी शाळा त्यात गेली. सेमीमुळे गणित-विज्ञान शाळेपासूनच इंग्रजीत वाचलंस, डिग्रीचे सगळे पेपर इंग्रजीत लिहिलेस. वाचण्यापुरतं आणि परीक्षेपुरतं इंग्रजी तुझ्याकडे आहे. तोंडाला सवय नाही, एवढंच. वर्गात सर शिकवतात मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत, ओरलला एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) ‘हां, सांगा’ म्हणतात आणि आपण तसंच मिसळीत सांगतो. मग शेवटच्या वर्षी प्लेसमेंटच्या आधी कॉलेज दोन दिवसांचं सॉफ्ट स्किल्सचं सत्र ठेवतं. ब्लेझर घातलेला ट्रेनर येतो, हात कसा मिळवायचा, टाय कसा बांधायचा, डोळ्यांत बघून कसं बोलायचं ते सांगतो, टाळ्या होतात, फोटो निघतात. केबलचं शील्ड दोन्हीकडे अर्थ आहे हे कस्टमरला कसं सांगायचं, ते त्या दोन दिवसांत येत नाही.

आता तो मुलगा. त्याने तुझं श्रेय चोरलं असं तू लिहिलं नाहीस, पण ओळींमधून ते दिसतंय. माझ्या मते त्याने चोरलं नाही. तू अडलीस, कॉलवर शांतता पसरली, त्याने भरून काढली. एवढंच की ‘हे हिने शोधलं’ असं तो म्हणायला हवा होता, आणि बावीस वर्षांच्या मुलाला त्या क्षणी ते सुचत नाही. पुढच्या वेळी असं झालं तर गप्प राहू नकोस. दुसरा कोणी तुझा मुद्दा बोलला की फक्त तुलाच माहीत असलेला तपशील लगेच जोडायचा: ‘येस, आय टेस्टेड दॅट यस्टर्डे. इट वॉज स्टेडी फॉर टू अवर्स.’ शोधलं कोणी हे ऐकणाऱ्यांना आपोआप कळतं, आणि भांडावंही लागत नाही.

बोलताना जीभ अडते त्या प्रत्येकाला मी एक उपाय सांगते आणि तो हमखास चालतो. मीटिंगच्या आधी लिहून पाठव. मीटिंग अकराला असेल तर साडेदहाला टीमच्या चॅटवर चार ओळी टाकायच्या: काय दिसलं, कारण काय वाटतं, आज काय करणार, कोणाकडून काय हवं. लिहिताना वेळ मिळतो, खोडता येतं, शब्द शोधता येतो. मग मीटिंगमध्ये तू नव्याने काही सांगत नसतेस, स्वतःच्याच चार ओळी वाचत असतेस. अडखळलीस तरी समोरच्याच्या पुढ्यात मजकूर असतो. आणि हो, कोणी शोधलं त्याची नोंद वेळेसकट राहते. तो मुलगा काय, कंपनीचा डायरेक्टर बोलला तरी फरक पडत नाही.

हिंजवडीत तुला बहुतेक रोज सकाळी स्टँड-अप असेल. पंधरा मिनिटांची मीटिंग, प्रत्येकाने सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. पहिली दोन उत्तरं सगळे फ्रेशर घोकून येतात. तिसऱ्याला सगळे ‘नो ब्लॉकर्स’ म्हणतात, आणि खरी गोम इथेच आहे. अडलेलं असतं, पण अडलंय हे इंग्रजीत सांगायची लाज, आणि सांगितलं तर आपल्याला काही येत नाही असं वाटेल ही भीती. तू विचारलंस, पहिल्या आठवड्यात काढतील का? इंग्रजी अडखळतं म्हणून असं काढलेलं मी तरी पाहिलं नाही. सुरुवातीचे महिने बहुतेक ठिकाणी ट्रेनिंगचेच असतात. पण काम अडलेलं असताना चार-चार दिवस मान डोलावत बसलेली मुलं पाहिली आहेत, आणि त्यांचं पुढे जड गेलेलंही पाहिलंय. तेव्हा हे वाक्य पाठच कर: ‘आय ॲम स्टक. द बोर्ड रीसेट्स व्हेन आय टर्न ऑन द मोटर. द सप्लाय इज ओके, आय हॅव चेक्ड इट. कॅन समवन सिट विथ मी फॉर टेन मिनिट्स?’ अडलंय कुठे, तपासलं काय, हवंय काय. नुसतं ‘इट इज नॉट वर्किंग’ म्हणणाऱ्याला कोणी मदत करू शकत नाही, कारण मदत नक्की कुठे करायची तेच कळत नाही.

समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर काय, हे तू विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस, कारण सुरुवातीला बोलण्यापेक्षा ऐकण्याचाच त्रास जास्त होतो. तमिळ टीम लीड, बंगाली टेस्टर, स्टुटगार्टचा कस्टमर, प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं. आपण अशा वेळी हसून मान हलवतो. व्हिडिओ बंद असलेल्या कॉलवर मानही दिसत नाही, नुसती शांतता ऐकू जाते आणि तिचा अर्थ होकार असा घेतला जातो. ‘पार्डन?’ एकदा चालतं, तीनदा नाही. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं परत बोलून दाखव: ‘सो यू वॉन्ट मी टु टेस्ट ओन्ली द सेकंड बोर्ड, बाय थर्सडे. इज दॅट राइट?’ चुकलं असेल तर तो तिथेच दुरुस्त करतो. बरोबर असेल तर तू लक्ष देऊन ऐकतेस असं त्याचं मत होतं. दोन्हीकडून फायदाच. शिवाय कॉल संपल्यावर हेच एका ओळीत लिहून पाठवलं की गुरुवारी ‘मी पहिलाही बोर्ड म्हणालो होतो’ असं कोणी म्हणू शकत नाही.

कान तयार करायला वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. तुझ्याच विषयाचं एनपीटीईएलचं (आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन लेक्चर्स) एखादं लेक्चर घे, पाच मिनिटं सबटायटल न लावता ऐक, कळलं ते लिही, मग सबटायटल लावून ताडून बघ. आयआयटीच्या प्राध्यापकांचे उच्चारही नाना प्रांतांचे असतात, आणि तुझी टीमही तशीच असणार आहे. पिक्चर, सिरीज हवे तर बघ, मजेसाठी. हॉलिवूडचा डिटेक्टिव्ह ज्या वेगाने बोलतो त्या वेगाने हिंजवडीत कोणी बोलत नाही.

वाचायचं म्हणशील तर डेटाशीट (इलेक्ट्रॉनिक भागाचं तांत्रिक माहितीपत्रक) वाच, आणि मोठ्याने वाच. रूमवरच्या पोरी हसतील, हसू देत. एखाद्या मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमधलं एक पान रोज. त्यातली वाक्यं छोटी, काळ साधा, शब्द नेमके. कामाच्या ठिकाणी तुला असंच इंग्रजी लागणार आहे. व्याकरणाच्या पुस्तकातल्या ‘नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टेशन’ची तिथे गरज पडत नाही. त्यातच ‘शॅल’, ‘शुड’ आणि ‘मे’ कुठे येतात ते बघत जा. शाळेत आपल्याला ‘आय’ आणि ‘वुई’पुढे ‘शॅल’ एवढंच शिकवलं. स्पेसिफिकेशनमध्ये ‘शॅल’ म्हणजे करायलाच हवं, ‘शुड’ म्हणजे शक्यतो करावं, सबळ कारण असेल तर सोडता येईल, आणि ‘मे’ म्हणजे तुमची मर्जी. इंटरनेटच्या मानकांसाठी हे १९९७ सालीच एका कागदावर लिहून ठरवलेलं आहे, इतर मानकंही साधारण तसंच वापरतात. ‘शुड’ला ‘शॅल’ समजून आठवडाभर जादा राबणारे आणि ‘शॅल’ला ‘शुड’ समजून टेस्टिंगमध्ये आपटणारे, दोन्ही प्रकारचे इंजिनिअर असतात, आणि त्यांच्यात अस्खलित बोलणारेही असतात.

ॲक्सेंटचं थोडक्यात सांगते. बदलू नकोस. कॉल सेंटरसारखं ‘र’ गुंडाळून बोलणारी पुणेरी मुलं अमेरिकन कस्टमरलाही कळत नाहीत आणि शेजारच्यालाही. तीन गोष्टी मात्र सुधार. एक, वेग. घाबरल्यावर आपण पळत सुटतो. प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायचा. दोन, नेहमीच्या तांत्रिक शब्दांत जोर कुठे येतो ते ऐकून घे. ‘पॅरामीटर’मध्ये जोर ‘रॅ’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर, ‘कम्पोनंट’मध्ये ‘पो’वर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो आणि परदेशी माणूस तिथेच अडतो. ऑनलाइन शब्दकोशात स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवलं की उच्चार ऐकता येतो. तुझ्या कामातले पन्नासेक शब्द एवढे केलेस तरी पुष्कळ. तीन, आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असं सुटं सांगायचं.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर, कारण पुण्यात जर्मन आणि अमेरिकन कस्टमर एकाच मजल्यावर भेटतात. ७/८ लिहिलंस तर अमेरिकेतला माणूस ८ जुलै वाचतो आणि जर्मनीतला ७ ऑगस्ट. महिना अक्षरांत लिही, वाद मिटला. जर्मन लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. तुझं १,५०० त्यांना दीड वाटू शकतं. लाख आणि कोटी देशाबाहेर कळत नाहीत. ‘उद्या चारला भेटू’ म्हणताना कोणाचे चार ते लिही, जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार. व्याकरणाची चूक समोरचा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. तारखेची चूक तो दुरुस्त करत नाही, कारण त्याला ती चूक आहे हेच कळत नाही.

मेलमध्ये ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात नको. भोसरीत सर म्हणालीस ते बरोबरच होतं, तिथे रीत तशी आहे. हिंजवडीत मॅनेजरलाही नावाने हाक मारतात, पहिले काही दिवस तोंडातून निघणार नाही, मग सवय होईल. ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिण्याऐवजी काय करायचं तेच लिही: ‘प्लीज सेंड मी द टेस्ट रिपोर्ट बाय फ्रायडे.’ एका मेलमध्ये एकच मागणी, आणि ती विषयाच्या ओळीत दिसली पाहिजे. प्रश्नाला आपण सर्रास ‘डाउट’ म्हणतो. तो शब्द टीममध्ये चालेल, पण परदेशी कस्टमरला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन’ लिहिलंस तर तुझा त्याच्यावर विश्वास नाही असं त्याला वाटेल. तिथे ‘क्वेश्चन’ लिही.

आता सगळेच एआयकडून मेल लिहून घेतात. तूही घेशील. माझं म्हणणं एवढंच, आधी स्वतः लिही, मग त्याला चुका दाखवायला सांग आणि त्या वाच. सरळ लिहूनच घेतलंस तर मेल सुंदर होतील आणि कॉलवर तू होतीस तिथेच राहशील. वर, एवढं छान लिहिणारी मुलगी बोलत का नाही, असा प्रश्न लोकांना पडेल. आणि कंपनीचा कोड, कस्टमरचं नाव, ड्रॉइंग यांतलं काहीही बाहेरच्या टूलमध्ये टाकू नकोस. पुष्कळ कंपन्यांत त्याला सक्त मनाई असते.

क्लासचे १८ हजार. माझं उत्तर, भरू नकोस, निदान आत्ता नको. सगळे क्लास वाईट असतात असं नाही. पैसे भरायच्या आधी एक दिवस मागच्या बाकावर बसू देता का विचार, आणि घड्याळ लावून बघ: तासाभरात एका विद्यार्थ्याच्या वाट्याला बोलायला किती मिनिटं येतात? पंचवीस जणांच्या बॅचमध्ये सर अर्धा तास फळ्यावर टेन्स शिकवत असतील, तर तुझ्या वाट्याला मिनिटभर. टेन्स तुला येतात. मिनिटभर बोलायचे एवढे पैसे नसतात. बसू द्यायला नकारच दिला तर प्रश्नच मिटला. आणि ‘३० दिवसांत अस्खलित’ असा बोर्ड दिसला की रस्त्याच्या पलीकडून चाल.

त्याऐवजी तुझ्या प्रोजेक्ट ग्रुपमधल्या एकीला पकड. जुलैपर्यंत रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, मेसवरून परत येताना चालत चालत चालेल. दिवसभरात प्रोजेक्टचं काय झालं ते तू इंग्रजीत सांगायचं, पहिलं वाक्य निष्कर्षाचं. तिने दोन प्रश्न विचारायचे. मग पाळी उलट. एकमेकींच्या व्याकरणाच्या चुका काढायच्या नाहीत, त्याने तोंडं बंद होतात. ‘कळलं’ किंवा ‘नाही कळलं’ एवढंच सांगायचं. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, सगळ्यांनाच ऐकवत नाही, तरी ऐक. ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ किती वेळा येतं ते तुझं तुलाच कळेल. प्रोजेक्टच्या फायनल ओरलला एक्स्टर्नलने मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देऊन बघ. पास तर तू होणारच आहेस, तिथे चुकायला फुकट संधी आहे.

मराठीबद्दल एक. हिंजवडीच्या कँटीनमध्ये मराठी मुलांचं एक टेबल असतं, तिथे डबा उघडला की घरी आल्यासारखं वाटतं. खुशाल बस. पण आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्या टेबलावर बस, जिथे एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे सगळे मोडकंतोडकं इंग्रजी-हिंदी बोलतात. गप्पांमध्ये चुकायची भीती नसते, आणि स्टँड-अपला समोर बसलेली माणसं ओळखीची होतात. आणि करमाळ्याची आहेस, मराठी माध्यमाची आहेस, हे लपवू नकोस. एम्बेडेडवाल्यांना आज ना उद्या साइटवर जावं लागतं, चाकणला, रांजणगावला. मशीन नक्की केव्हा बंद पडतं हे तिथल्या ऑपरेटरला माहीत असतं, आणि तो ते मराठीत किंवा हिंदीत सांगतो, तेही तुझ्यासारखंच पहिल्यापासून, सविस्तर. त्याची हकीकत शांतपणे ऐकून तिची चार इंग्रजी वाक्यं कस्टमरला लिहून देणारी इंजिनिअर टीमला हवीच असते. इंग्रजी उत्तम पण ऑपरेटरशी दोन शब्द बोलता येत नाहीत, असे पुष्कळ आहेत.

राहता राहिलं मामांचं जर्मन. मामा चुकीचं सांगत नाहीत. चाकण-पिंपरीकडे जर्मन कंपन्या खरंच आहेत, जर्मन शिकायला मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे. पण पहिली एक-दोन लेव्हल करून कॉलवर काम चालवता येत नाही, आणि जर्मन इंजिनिअर तुझ्याशी इंग्रजीतच बोलणार आहेत. या जूनमध्ये दोन भाषांच्या मागे धावू नकोस. जुलैत रुजू हो, सहा महिने काम कर. तुझ्या टीमचं काम कोणत्या देशाशी येतं ते बघ. जपानी निघालं तर मामांना तसं सांगता येईल. जर्मनच निघालं तर तेव्हा पगार हातात असेल, वीकएंडची बॅच घे, आणि त्याआधी मॅनेजरला विचार, कारण भाषा शिकायची फी काही कंपन्या स्वतः भरतात.